त्याच भावात दोनशे

१ जुलै, सोमवार. सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर जाणाऱ्या माणसाचं सगळं लेखी असावं. पुढे लोक विचारतात, सुरुवात कशी झाली, आणि नेमकं तेव्हाच काही आठवत नाही.

कारण असं. आमच्या कारखान्यात बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअर बनतात. डिझाइनचे विभागप्रमुख गेल्या महिन्यात दुसरीकडे गेले. केबिन रिकामी आहे. शनिवारी मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ज्याला करंट सेन्सिंग नीट कळेल तोच त्या खुर्चीत बसेल. हे बोलताना ते थेट माझ्याकडे बघत होते. माझ्यामागे घड्याळ आहे हे खरं, पण ते बंद आहे.

मी खरेदी विभागात. इतकी वर्षं, की साहेब मला हाकही ‘खरेदी’ अशीच मारतात. डिझाइनमधलं मला काय कळत नाही? प्रत्येक पार्ट माझ्या हातून आलाय.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून तासभर अभ्यास. आज सातला उठलो, पण आज सोमवार होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी

साहेबांनी कामच दिलं. खुर्चीच्या बोर्डावर एक करंट सेन्स अॅम्प्लिफायर असतो. काळा, मुंगळ्याएवढा. जुना बनायचा बंद झालाय, त्याच्या जागी दुसरा शोधायचा. वर म्हणाले, डिझाइनवालीला विचारून घ्या. डिझाइनवाली म्हणजे त्या विभागात आता उरलेली एकुलती एक मुलगी. हुशार आहे, पण मला काका म्हणते. चार केस गेले म्हणून माणूस काका होत नाही.

विचारलं. म्हणाली, बॅटरीतून मोटरकडे जाणाऱ्या करंटच्या वाटेत एक बारीकसा रेझिस्टर बसवलेला असतो, त्याला शंट म्हणायचं. करंट गेला की त्याच्या दोन टोकांत किंचित व्होल्टेजचा फरक पडतो. इतका किंचित, की बोर्डाला ऐकूच येत नाही. अॅम्प्लिफायर तो मोठा करून बोर्डाला सांगतो. त्यावरून बोर्डाला कळतं, मोटर किती जोर लावतेय. जोर फार झाला तर बोर्ड मोटर बंद करतो आणि लाल दिवा लावतो. नाहीतर मोटर जळेल. मी म्हटलं, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, मग विचारलंत कशाला. या नव्या पिढीला संवाद म्हणून साधता येत नाही.

घरी सांगितलं. ही म्हणाली, तुमची खुर्ची मिळेल तेव्हा मिळेल, आईची खुर्ची कधी येतेय ते बोला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. गेल्या वर्षी जिन्यावरून पडल्या तेव्हापासून आमच्याकडेच असतात. खुब्याचं हाड जुळलं, पण पाय काही चालेना. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांच्या शेजारच्या बोर्डावर बसणारी मैत्रीण आमच्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला राहते. तिचे गुडघे गेलेत, ती उतरू शकत नाही. या चढू शकत नाहीत. रोज फोनवर बोलतात, पण पडल्यापासून भेट नाही. मी ढकलत नेतो म्हटलं होतं. तर म्हणाल्या, बापू, मी काय भाजीची गाडी आहे? जाईन तेव्हा माझी मी जाईन.

नव्या लॉटमधली पहिली खुर्ची त्यांना, असा मी शब्द दिलाय. माझा शब्द म्हणजे शब्द.

३ जुलै, बुधवार

पाचचा गजर झाला. बंद केला, कारण हिची झोपमोड होते. साडेसातला अभ्यासाला बसलो. डिझाइनवालीने दिलेली डेटाशीट, म्हणजे अॅम्प्लिफायरची माहितीपुस्तिका, चांगली जाडजूड आहे. पहिलं पान पूर्ण समजलं. त्यावर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि चित्र आहे.

ऑफसेट. मला वाटलं छपाईचं काही असेल. तसं नाही. वाटेतून करंट शून्य जात असताना सुद्धा अॅम्प्लिफायर थोडंसं काहीतरी दाखवतो, त्याला ऑफसेट म्हणतात. म्हणजे काहीच चाललेलं नसताना काहीतरी चाललंय असं भासवणं. यात दोष काय ते कळलं नाही. आमच्या ऑफिसातून निम्मे लोक याच्याच जोरावर सन्मानाने निवृत्त झाले.

डिझाइनवाली म्हणाली, करंट छोटा असला की ऑफसेट त्रास देतो, मोठा असला की गेन एरर. मी मान डोलावली. गेन म्हणजे फायदा. फायद्यात एरर म्हणजे हिशेबात चूक. ते खरेदीवाल्याला कोणी शिकवू नये.

५ जुलै, शुक्रवार

कॉमन मोड रिजेक्शन. लोक उगाच बाऊ करतात. शंटची दोन्ही टोकं मुळातच उंच व्होल्टेजवर असतात. दोघं एकदम ओरडताहेत म्हणा ना. चांगला अॅम्प्लिफायर त्या आरडाओरड्याला भीक घालत नाही. दोघांत फरक काय, तेवढंच ऐकतो.

घरी प्रयोग केला. संध्याकाळी ही आणि सासूबाई एकाच वेळी, एकाच पट्टीत, एकाच विषयावर बोलत होत्या. बाथरूमचा नळ. मी पेपर वाचत राहिलो. एक अक्षर कानात शिरू दिलं नाही. माझं रिजेक्शन फार वरच्या दर्जाचं आहे.

नळ अजून गळतोय.

९ जुलै, मंगळवार

आज मी कमाल केली.

विक्रेत्याचा माणूस आला होता. सारखा हसत असतो म्हणून आम्ही त्याला हसरा म्हणतो. त्याच्याकडे आपल्याला चालणारा अॅम्प्लिफायर आहे. दिसायला तस्साच, पायसुद्धा तेवढेच. एकाच नंबरात चार प्रकार, फक्त शेवटचं अक्षर वेगळं. पहिल्याचा गेन वीस, दुसऱ्याचा पन्नास, तिसऱ्याचा शंभर, चौथ्याचा दोनशे. भाव विचारला. म्हणाला, चारींचा एकच.

मी पुन्हा विचारलं. एकच.

पाणी मागवलं. डिझाइनवालीने मला पन्नासचा आणा म्हणून बजावलं होतं. पोरीला बाजार माहीत नाही. कापडवाला त्याच पैशात चौपट कापड देतो म्हणाला, तर आपण नको म्हणतो का? दोनशेवाला घेतला. हसऱ्याचं हसू जरा उतरलं. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? म्हणजे नुकसान त्याचं होत होतं. मी म्हटलं, नक्की, आणि वर काय देतोस? त्याने एक पेन दिलं. याच पेनने लिहितोय.

डिझाइनवालीला मुद्दाम सांगितलं नाही. आपोआप कळेल तेव्हा थक्क होईल.

१२ जुलै, शुक्रवार

बँडविड्थ. समोर बदल झाला की तो अॅम्प्लिफायरला किती लवकर उमगतो, याचं माप. फार मंद असेल तर मोटर जळून गेल्यावर त्याला कळणार, असं डिझाइनवालीचं म्हणणं. मला वाटतं, घाईत कोणाचं भलं झालंय?

दुपारी फोनवर ही रागावली होती, हे संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. कशावरून ते अजून यायचंय.

अभ्यास : पहाटेचा बंद. पहाटे डोकं ताजं असतं, त्यात काही भरू नये.

१६ जुलै, मंगळवार

नवे बोर्ड तयार. पहिली खुर्ची जोडून झाली. कारखान्याच्या फरशीवर मी स्वतः चालवून बघितली. म्हणजे बाजूने चालत, हात लांब करून चालवायची दांडी धरली. बसलो नाही. ज्याला उद्या केबिनच्या खुर्चीत बसायचंय त्याने आज सगळ्यांदेखत असल्या खुर्चीत बसणं बरं दिसत नाही.

काय पळाली! रिकामी खुर्ची वाऱ्यासारखी. पॅकिंगवाले बाजूला झाले. डिझाइनवाली म्हणाली, काका, माणूस बसवून बघा. मी म्हटलं, बसवू बसवू. सगळं आपल्यालाच आधी सुचतं असं या पोरांना वाटतं.

साहेबांना रिपोर्ट दिला. अॅम्प्लिफायर बदलला, त्याच भावात गेन वाढवून आणला. साहेब म्हणाले, बघू. साहेब कोणाला बघू म्हणत नाहीत. नाही म्हणतात. त्यामुळे जवळजवळ झाल्यातच जमा आहे.

रिकाम्या केबिनची खिडकी उघडते का ते बघून आलो. उघडते. पडदा बदलावा लागेल.

१९ जुलै, शुक्रवार

खुर्ची घरी आणली. आजचं सगळं लिहावंसं वाटत नाही, पण नियम म्हणजे नियम.

सासूबाई सकाळपासून तयार होऊन बसल्या होत्या. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून, चष्मा दोनदा पुसलेला. मैत्रिणीला फोन गेला होता, की येतेय, दार उघडं ठेव. खोलीत खुर्ची चालली. जरा कुरकुरत, पण चालली. सासूबाईंचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. फाटकातून बाहेर, रस्त्यावर. कोणी मागे यायचं नाही, अशी ताकीद. आम्ही दोघं फाटकात उभे.

चढ सुरू झाला आणि खुर्ची थांबली. लाल दिवा.

बंद करून परत चालू केली. हातभर गेली. लाल दिवा. शेजारचे लोक गॅलरीत आले. एकजण कुत्रं घेऊन चालला होता, तोही थांबला. कुत्रंही थांबलं. सासूबाई म्हणाल्या, बापू, काय झालं हिला? मी परिस्थिती शास्त्रीयदृष्ट्या तपासली आणि सांगितलं, की दिवा ओव्हरलोडचा आहे. मग त्यांना वजन विचारलं. जरा मोठ्याने विचारलं असेन, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. तो कान कोणता हे मी विसरलो.

ढकलत घरी आणलं. घरात आल्यावर सासूबाई मैत्रिणीला फोन करून एवढंच म्हणाल्या, आज लाइन लागत नाही गं.

ही माझ्याशी बोलत नाहीये. यात माझा काय दोष? खुर्ची मी बनवत नाही.

२० जुलै, शनिवार

उलगडा झाला. ड्रिफ्ट! डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलंय, तापमान बदललं की अॅम्प्लिफायरचं मोजमाप सरकतं. काल दुपारचं ऊन होतं. मी विनाकारण वजन काढलं.

उपाय : थंडाव्यात चालवणे. उद्या भल्या सकाळी नेतो.

२१ जुलै, रविवार

भल्या सकाळी नेली. बोर्डाच्या डब्यावर ओला रुमालही घातला होता. सासूबाई नको नको म्हणत होत्या, मीच आग्रह केला. खुर्ची त्याच जागी थांबली. कुत्र्यावाला आजही होता. त्याने विचारलं, रुमाल कशाला? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

पुन्हा ढकलत आणलं. सासूबाई म्हणाल्या, राहू दे बापू, माझंच वजन वाढलंय, बसून बसून. मी म्हटलं, तसं काही नाही. पण म्हणताना जरा उशीर झाला.

खुर्चीच्या माहितीपत्रकात कमाल वजन दिलंय. सासूबाई त्याच्या पुष्कळ खाली आहेत. मी आहे त्याच्या जवळपास. हे घरात सांगितलं नाही.

२३ जुलै, मंगळवार

शुक्रवारी मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरबाई खुर्ची बघायला येणार. त्यांना आवडली तर सगळ्या वॉर्डांना आमच्या खुर्च्या. साहेबांनी विचारलं, खरेदी, सगळं ठीक? मी म्हटलं, एकदम ठीक. आणि ठीकच आहे. मी योजना केलीय. खुर्चीत आमचा हिशेबनीस बसेल. त्याला सगळे फुटपट्टी म्हणतात. उभा राहिला तर भिंतीला टेकवून ठेवलेला वाटतो. फुटपट्टीला घेऊन खुर्ची सपाट फरशीवर आरामात फिरते, मी करून बघितलं.

खुर्चीला आपलं माणूस ओळखता आलं पाहिजे, तसंच माणसाला आपली खुर्ची. हे वाक्य शुक्रवारच्या भाषणात घ्यावं का?

२४ जुलै, बुधवार

आज ही बोलली. मी तिला फुटपट्टीची युक्ती सांगायला गेलो होतो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, अहो, शुक्रवारपासून आई रात्रीची जेवत नाहीये, तुमच्या लक्षात तरी आलं का? भूक नाही म्हणून ताट सारते. आज मी दम दिला तेव्हा म्हणाली, चार किलो उतरले तर चढेल गं ती खुर्ची.

शुक्रवारपासून मी रोज त्यांच्यासमोरच बसून जेवतोय. कालच पुन्हा वाढून घेतलं होतं.

फार वाईट वाटलं. खरंच फार. लाज वाटली म्हणायला हरकत नाही, कोण वाचतंय.

उद्या डिझाइनवालीला विचारतो. अर्थात सर्वसाधारण माहिती म्हणून.

२५ जुलै, गुरुवार. दुपारी

विचारलं. म्हटलं, समजा, एखादी खुर्ची रिकामी पळते, बारीक माणसाला नेते आणि चढावर थांबते, तर एखाद्याने काय समजावं? ती म्हणाली, त्या एखाद्याने अॅम्प्लिफायर दाखवावा. बोर्ड आणून दिला. तिने भिंग लावून शेवटचं अक्षर वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग भिंग खाली ठेवून माझ्याकडे बघत बसली.

म्हणाली, काका, दोनशेचा का आणला?

मी म्हटलं, त्याच भावात होता.

आधी ती हसली. इतकी हसली, की पाणी प्यावं लागलं. मग म्हणाली, काका, गेन म्हणजे फायदा नाही हो. गेन म्हणजे पट. शंटवरचं व्होल्टेज किती पट करून सांगायचं ते. पन्नास पट समजून बोर्ड बनवलाय. तुमचा दोनशे पट करून सांगतो. मोटर शेरभर जोर लावते आणि हा बोर्डाला ओरडून सांगतो, चार शेर, चार शेर! बोर्ड घाबरतो आणि बंद करतो. तुमच्या सासूबाईंना घेऊन फाटकापर्यंत गेली हेच पुष्कळ.

म्हणजे त्या जड नव्हत्याच. माझ्या पार्टने त्यांना चौपट केलं.

आता पेच असा. योग्य गेनचे पार्ट यायला आठवडा लागेल. डिझाइनवालीच्या खणात नमुन्याचा एकच पन्नासवाला आहे. खुर्च्या दोन. एक घरची, एक उद्याच्या डॉक्टरबाईंसमोरची. शांत डोक्याने विचार केला. उद्या माझ्या पदाचा प्रश्न आहे. सासूबाई एक वर्ष थांबल्या, आणखी आठवडा थांबतील. पार्ट उद्याच्या खुर्चीला लावायचा. निर्णय पक्का. यात कोणी मला स्वार्थी म्हणू शकत नाही. पदावर गेल्यावर मी त्यांच्यासाठी कितीतरी करू शकेन.

रात्री, जेवणानंतर

निर्णय बदलला. कारणं पूर्णपणे तांत्रिक आहेत. एक तर कारखान्याची फरशी सपाट आहे आणि आमचा रस्ता चढाचा. शिवाय फुटपट्टी भरवशाचा आहे, तो बसला की खुर्ची चालतेच. तिसरं कारण असं, की आज सासूबाईंनी ताट सारलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, खा हो, तुमचं काही चुकलेलं नाही, पार्ट मी चुकीचा आणलाय. त्यांनी विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग त्यांनी ताट परत ओढलं आणि सगळं संपवलं. भात मागून घेतला. इतकी भूक लागलेली बाई मी पाहिली नव्हती.

डिझाइनवालीला फोन केला. उद्या सकाळी पार्ट घेऊन घरी येते म्हणाली. काकासुद्धा म्हणाली नाही.

२६ जुलै, शुक्रवार

लिहून मोकळा होतो.

डिझाइनवाली सकाळी आली. टेबलावर सोल्डरिंगची सगळी मांडामांड. सासूबाई तिच्याशी एक्स्चेंजच्या गप्पा मारत बसल्या, कोणती वायर कुठे खोचायच्या, रागावलेल्या साहेबांची लाइन कशी मुद्दाम कट करायच्या वगैरे. दोघींचं फार जमलं. मला उशीर होत होता, मी निघालो. मागाहून ती कारखान्यात आली. खुर्ची चढली का ते मी विचारणार, तेवढ्यात डॉक्टरबाईंची गाडी दारात.

फुटपट्टी आलाच नाही. ताप. माणूस वर्षभर धडधाकट असतो, नेमका आजच.

डॉक्टरबाई कामाच्या बाई. भाषण ऐकून घेतलं नाही. म्हणाल्या, कोणीतरी बसा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेब म्हणाले, खरेदी, बसा. मी म्हटलं, मी उभ्या उभ्या नीट समजावू शकेन. साहेब म्हणाले, बसा.

बसलो. दांडी पुढे केली. खुर्ची हुं म्हणाली आणि लाल दिवा. सपाट फरशीवर. एक वीतही नाही. पुन्हा केलं. पुन्हा हुं. कोपऱ्यात पॅकिंगवाले तोंडावर हात धरून उभे होते. डॉक्टरबाईंनी मला उठायला सांगून स्वतःची बॅग ठेवली. खुर्ची बॅग घेऊन थेट भिंतीपर्यंत गेली. मला पुन्हा बसवलं. हुं.

त्या बसलेल्या अवस्थेत माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर सासूबाई. म्हणाल्या, बापू, लाइन लागली! वरून बोलतेय, हिच्या घरातून. एका दमात चढले, कोणी हात लावला नाही. मागे त्यांची मैत्रीण हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. मग सासूबाईंचाही आवाज तसाच झाला. म्हणाल्या, ठेवते, बोलायचं खूप राहिलंय. रोज तर बोलतात फोनवर, आणखी काय राहिलं असेल?

माझे डोळे भरून आले. डॉक्टरबाईंना वाटलं खुर्चीमुळे. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, होतं असं पहिल्यांदा.

मग डिझाइनवालीने त्यांना गेनचं सगळं समजावलं. माझं नाव घेतलं नाही, चुकीचा प्रकार आला एवढंच म्हणाली. साहेबांना न सांगता कळलं. डॉक्टरबाई जाताना म्हणाल्या, सामानासाठी खुर्ची उत्तम आहे, माणसांसाठी झाली की बोलवा.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पन्नासचे पार्ट आले. हसराच घेऊन आला. दोनशेवाले परत घेतले नाहीत. पेन मी परत देत होतो, तेही घेतलं नाही.

डॉक्टरबाई पुन्हा येऊन गेल्या. खुर्च्या पसंत. सगळे डिझाइनवालीचं अभिनंदन करत होते. मीही केलं. शेवटी पार्ट आणला कोणी?

घरी सासूबाई नसतात. सकाळी जातात, जेवायला येतात, पुन्हा जातात. ही म्हणते, वसतिगृहात मुलगी ठेवल्यासारखं वाटतंय.

संकल्प : वजन कमी करणे. रोज चालणे, रात्री एकच वाढ. उद्यापासून.

६ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी साहेबांच्या माणसाने निरोप दिला. उद्या सकाळी भेटा, साहेबांनी तुमच्यासाठी खुर्ची ठरवलीय.

शेवटी सत्याचा विजय होतो. घरी सगळ्यांना सांगितलं. हिने शर्ट इस्त्री केला. सासूबाईंनी मैत्रिणीला कळवलं. पडद्यासाठी हिरवा की निळा, यावर तिघांनी चर्चा केली.

७ ऑगस्ट, बुधवार

विभागप्रमुख डिझाइनवाली झाली. केबिनमध्ये तीच होती. खिडकी उघडी होती.

माझी खुर्ची खाली, कारखान्याच्या दाराशी. साहेब म्हणाले, खरेदी, तुम्ही डॉक्टरबाईंसमोर बसलात तेव्हा माझ्या लक्षात आलं. माहितीपत्रकात आपण जे कमाल वजन लिहितो, बरोब्बर तेवढं वजन या कारखान्यात फक्त तुमचं आहे. यापुढे बाहेर जाणारी प्रत्येक खुर्ची आधी तुम्हाला घेऊन दारापुढच्या उतारावरून खाली आणि वर जाईल. मग बाकी दिवस खरेदी. पण पार्टचं शेवटचं अक्षर नव्या विभागप्रमुखांना दाखवल्याशिवाय ऑर्डर नाही.

वर कागदही दिला. चाचणीस बसणाऱ्याने वजन कमी वा जास्त करू नये, फरक पडल्यास विभागप्रमुखांना कळवावे. खाली डिझाइनवालीची सही. सही करताना तिला हसू आवरत नव्हतं. म्हणाली, काका, मोजमापाला पक्कं वजन लागतं हो.

आज सहा खुर्च्या झाल्या. सगळ्या चढल्या.

घरी सांगावंच लागलं, शर्ट इस्त्रीचा होता. ही म्हणाली, चला, ऑफिसात तुमचं वजन आहे हे एकदाचं साहेबांनीही कबूल केलं. आणि हसत स्वयंपाकघरात गेली ती बाहेरच येईना.

सासूबाई हसल्या नाहीत. जेवताना मी ठरल्याप्रमाणे हात आडवा केला, पुरे म्हटलं. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि ताटात आणखी वाढलं. म्हणाल्या, खा बापू. नोकरीचा प्रश्न आहे.